परतून येणाऱ्याचे घर : न्हावा-शेवाच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयव्यवहारात परदेशी गेलेल्या माणसाची जागा ठरलेली आहे. प्रवासवर्णनात तो जाताना भेटतो. 'परदेशस्थ मराठी साहित्य' या सदराखाली तो तिकडे स्थिरावल्यावर भेटतो. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या नाटकांतून त्याच्या न येण्याची व्यथा भेटते. जो गेला, शिकला आणि परतून येथेच कामाला लागला, त्याच्यासाठी मात्र समीक्षेने सदर केलेले नाही. परतल्याक्षणी तो शास्त्रज्ञ होतो, अर्थतज्ज्ञ होतो, नगररचनाकार होतो, आणि वाङ्मयाच्या कक्षेबाहेर जातो. त्याच्या परतण्याचा परिणाम ज्यांना सोसावा लागला त्यांचा तर या चर्चेत उल्लेखही होत नाही. विद्यापीठीय संशोधनातही स्थलांतर म्हटले की खेड्याकडून शहराकडे आणि शहराकडून परदेशाकडे अशा एकाच दिशेच्या रेषा आखल्या जातात. उलट दिशेची रेषा सहसा कोणी आखत नाही. आणि आधुनिक महाराष्ट्राची घडण पाहू गेले तर ही उलटी रेषाच अधिक ठळक असल्याचे आढळते.

ही रेषा जेथे शब्दशः जमिनीवर उमटली असे एक ठिकाण मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे आहे. न्हावा-शेवा हे नाव आज बंदराचे म्हणून जगाला माहीत आहे. ते मुळात दोन गावांचे जोडनाव आहे. न्हावे पनवेल तालुक्यातले, शेवे उरण तालुक्यातले. मिठागरे, भातखाचरे, खाजण आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचा हा मुलूख. परदेशी शिकून परतलेल्या तज्ज्ञांचे ज्ञान, त्या ज्ञानाने आखलेले शहर आणि त्या शहराखाली गेलेली घरे या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मराठी साहित्यातील 'परतणे' या आशयसूत्राचा विचार या किनाऱ्यावर उभे राहून केला, तर त्या आशयसूत्रातील एक मोठी उणीव लक्षात येते. तिची चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी माणूस निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. गणपती विसर्जनास नेतानाही 'पुनरागमनाय च' असे म्हणून त्याला परतीचे आमंत्रण दिले जाते. निघण्याच्या शब्दातच परतण्याची हमी घालून ठेवणाऱ्या या भाषेत परतणे हे स्वाभाविक, आणि न परतणे हे वैगुण्य मानले जावे, यात नवल नाही. या भाषिक संकेतात एक गृहीतक मात्र दडलेले आहे : घर जागेवर आहे. जाणारा हलतो, घर हलत नाही. परतणाऱ्याचे सगळे प्रश्न मग त्याच्या मनातले प्रश्न ठरतात. तो बदलला आहे काय, त्याला जुळवून घेता येईल काय, घर त्याला स्वीकारील काय, एवढ्या परिघात मराठीतील परतण्याची बहुतेक कथा फिरत राहिली आहे.

एकोणिसाव्या शतकात ही कथा न्यायनिवाड्याच्या रूपात येते. समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घेण्यास सांगणारा समाज घराच्या दारात न्यायासनावर बसलेला असतो. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्याच वर्षाच्या अखेरीस परतल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीपर्यंत मराठी मनाने त्यांचे जाणे आणि त्यांचा मृत्यू हे दोन प्रसंग पुनःपुन्हा आठवले. मधले परतणे, म्हणजे एका प्रशिक्षित डॉक्टरचे कामावर रुजू होण्यासाठी येणे, या दोन प्रसंगांच्या मध्ये चेपले गेले. पंडिता रमाबाई यांचे परतणे त्या मानाने कामाचे परतणे होते. त्या १८८९ साली परतल्या, मार्च महिन्यात त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. पाहून आलेले ज्ञान येथील वाचकाच्या भाषेत येथील वाचकापुढे ठेवणे हे त्यांना परतण्याचेच अंग वाटले असावे. हा मुद्दा पुढे न्हावा-शेवाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरणार आहे.

घर जागेवर आहे या गृहीतकाला पहिला मोठा तडा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परतण्याने दिला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतले. करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा राहण्यासाठी त्यांना घर मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. ही हकीकत त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत लिहिली. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती आणि बडोद्याच्या स्थानकावर ती परत आली, असा त्या लेखनाचा आशय आहे. स्वतःच्याच देशात शिरण्यासाठी व्हिसाची वाट पाहावी लागते, असे सुचवणारे हे शीर्षक मराठीतील परतण्याच्या कथेच्या मुळावरच घाव घालते. येथे परतणारा बदलला की नाही हा प्रश्नच गौण आहे. त्याच्यासाठी घर राखून ठेवलेलेच नव्हते.

दलित आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांनी या लेखनाची योग्य ती दखल घेतली आहे. परतण्याच्या साहित्याच्या चर्चेत मात्र ते मध्यवर्ती ठरले नाही. परदेशातून आलेल्याचा एकाकीपणा म्हटला की मध्यमवर्गीय कादंबरीतील नायक आठवतो, बडोद्याच्या बागेत बसलेला अर्थशास्त्रज्ञ आठवत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात परतणाऱ्याची भूमिका पालटली. आता तो न्यायासनापुढे उभा नव्हता; देश उभारणीसाठी त्याला आवर्जून बोलावले जात होते. धनंजयराव गाडगीळ हे खरे तर त्याआधीच्या पिढीतले. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तेव्हापासून तिचे संचालक झाले, आणि १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत अध्यक्ष म्हणून राबले. केंब्रिजहून आलेला अर्थतज्ज्ञ आणि लोणीचा शेतकरी एका सतरंजीवर बसले, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवली जात नाही. ती नोंदवावी असेही कोणी म्हणणार नाही. तथापि परतलेले ज्ञान कोणत्या भाषेत, कोणाच्या शेजारी बसून वापरले गेले याचा तो एक नमुना आहे, आणि दुसरा नमुना पाहण्यापूर्वी तो ध्यानात ठेवणे इष्ट होय.

दुसरा नमुना नव्या मुंबईचा. मुंबई बेटावरील दाटी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६४-६५च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. कोरिया मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्स येथे वास्तुशास्त्र शिकून परतलेले व १९५८ पासून मुंबईत व्यवसाय करणारे. मेहता शिकागोस शिकलेल्या. पटेल केंब्रिजचे अभियंता. तिघेही परदेशी शिकून स्वेच्छेने परतलेले, खासगी व्यवसायात असूनही शहराच्या भवितव्याची चिंता वाहणारे. त्यांची मांडणी १९६५ साली 'मार्ग' या इंग्रजी कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी राज्य शासनाने नेमलेल्या, उपर्युक्त गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील समितीने मुंबईच्या वाढीचा प्रादेशिक पातळीवर विचार केला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली; कोरिया तिचे प्रमुख वास्तुकार झाले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र, ९५ गावे. शहराचा खर्च शहराच्याच जमिनीतून काढावा, म्हणजे शेतजमीन शासनाने आधीच ताब्यात घ्यावी, विकास झाल्यावर तिच्या वाढलेल्या किमतीतून रस्ते, पाणी, घरे उभी करावीत, हे या योजनेचे आर्थिक मर्म होते.

ही कल्पना बुद्धिमान होती, आणि तिच्यामागचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जमिनीच्या वाढत्या किमतीचा लाभ सट्टेबाजांनी न घेता समाजाने घ्यावा, हा विचार आजही आदरणीय आहे. प्रश्न 'समाज' या शब्दात कोण मोडतो हा होता. ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन होती तो शेतकरी त्या समाजात मोजला गेला की केवळ जमिनीचा आधीचा धारक म्हणून, याचे उत्तर पुढील वीस वर्षांनी दिले. बंदर हा केंद्र सरकारचा प्रकल्प. पण जमीन त्याच किनारपट्टीतली आणि माणसेही तीच. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून वाद विकोपास गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. २६ मे १९८९ रोजी बंदर कार्यान्वित झाले. आंदोलनाचे फलित म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे धोरण पुढे आले. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी, विशेषतः बंदरग्रस्तांच्या बाबतीत, दशकानुदशके रखडली.

'परत देणे' या क्रियापदाकडे साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे. मराठीत माणूस परततो आणि वस्तूही परत मिळते. दोन्हींसाठी मूळ शब्द एकच. परदेशातून परतलेल्या तज्ज्ञाच्या वाट्याला काम करण्यास अख्खा किनारा आला. त्या किनाऱ्यावरून कधीच न हललेल्या माणसाला त्याच किनाऱ्याचा आठवा हिस्सा 'परत' मिळवण्यासाठी लढावे लागले. जो गेला त्याचे पुनरागमन झाले, आणि जो गेलाच नाही तो निर्वासित झाला. येथे घर हलले, माणूस नव्हे. 'येतो' म्हणून निघण्याची संधीच न मिळालेल्या या माणसासाठी आपल्या वाङ्मयीन परिभाषेत 'प्रकल्पग्रस्त' हा शासकीय शब्द सोडला तर दुसरा शब्द नाही.

शेवा कोळीवाड्याची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. बंदरासाठी हा कोळीवाडा उठवण्यात आला आणि तेथील कुटुंबांना उरणनजीक नव्या वसाहतीत नेण्यात आले; तिला हनुमान कोळीवाडा म्हणतात. तेथील घरांना वाळवी लागली. भिंती, दारे, छपरे पोखरली गेली आणि पुनर्वसित लोक पुन्हा पुनर्वसनाची मागणी करू लागले. ती मागणी एका पिढीहून अधिक काळ चालत आली आहे. ही वाळवी एखाद्या कादंबरीत आली असती तर समीक्षकांनी तिला प्रतीक म्हटले असते, तिच्यावर शोधनिबंध वाचले गेले असते. ती खरोखरच लागल्यामुळे तिची नोंद नगरपालिकेत आणि वृत्तपत्राच्या जिल्हावार्तांत राहिली.

याच किनाऱ्यावर परतण्याचा आणखी एक प्रकार नांदत आला आहे, आणि त्याचीही वाङ्मयीन नोंद फारशी नाही. न्हावे येथे 'रहमान' या नावाने ओळखली जाणारी नाविकांची प्रशिक्षण संस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. बंदर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव जगभरच्या जहाजांवर माणसे पाठवीत आले आहे. खलाशाचे जाणे करारावर असते, परतणेही करारावर. काही महिने समुद्रावर, काही महिने घरी. तो परदेशी 'शिकून' येत नाही, येथे शिकून परदेशी राबतो. दर खेपेस परततो, म्हणून त्याच्या परतण्याचा सोहळा होत नाही. विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टरवर मराठीत नाटके झाली. जहाजावरून उतरलेला खलाशी नाटकात आलाच तर बहुधा पेटी घेऊन येणारा, परदेशी वस्तू वाटणारा दुय्यम पात्र म्हणून. गोव्यातील 'तारवटी'च्या बाबतीत कोंकणी गीतांनी आणि तियात्राने जे केले ते मराठीने आपल्या किनाऱ्यावरील खलाशासाठी केले नाही. वस्तुतः परतणे हा हक्क आहे, ही कल्पना जगाच्या कायद्यात स्पष्टपणे कोठे नोंदली गेली असेल तर ती याच धंद्यात : २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात नाविकाला मालकाच्या खर्चाने मायदेशी पोहोचवण्याचे बंधन आहे. २०२० साली महामारीमुळे बंदरे बंद झाली, कराराची मुदत संपूनही जगभरचे लाखो नाविक जहाजांवर अडकून पडले, आणि तो हक्क कागदावर राहिला. किनारा दिसत असताना उतरता न येणे हा अनुभव ओडिसियसच्या काळापासून साहित्याला ठाऊक आहे. त्या वर्षी तो अनुभव रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील घरांच्या दाराशी आला होता.

आता ललित साहित्याकडे वळावे. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'ने (१९७३) न परतणाऱ्या मुलाचे दुःख मराठी रंगभूमीवर एवढ्या उत्कटतेने मांडले की पुढील अनेक वर्षे परदेशातील मुलगा म्हणजे रिकामी खुर्ची हेच समीकरण रूढ झाले. या नाटकाची ताकद कोणी नाकारणार नाही. तथापि त्यातील घर, ते वृद्ध दांपत्याचे दिवाणखाना असलेले घर, पक्के आहे; त्याच्या भिंतींना धोका नाही. महेश एलकुंचवार यांच्या त्रिनाट्यधारेत ही निश्चिंती उरत नाही. 'वाडा चिरेबंदी'त मुंबईहून गावी आलेला सुधीर आणि 'युगान्त'मध्ये परदेशी राहून आलेला त्याचा मुलगा अभय ही दोन परतणी एकापुढे एक ठेवून पाहिली, तर एलकुंचवारांनी घर या गृहीतकाचीच परीक्षा घेतली आहे हे ध्यानात येते. अभय परततो तेव्हा वाडा उरलेला नसतो, पाणीही उरलेले नसते. मराठी साहित्यात परतणाऱ्याला रित्या भूमीसमोर उभे करण्याचे इतके धैर्य क्वचितच कोणी दाखवले असेल. मात्र तेथील विनाश काळाने, दुष्काळाने आणि वाड्याच्या आतील क्षयाने घडवलेला आहे. कोणी तो आखलेला नाही. न्हावा-शेवाचा विनाश आराखड्यानिशी आला, आणि आराखडा काढणारे हात सुसंस्कृत, सदिच्छा बाळगणारे होते. हा पेच एलकुंचवारांच्या वाड्यात नाही. तो तेथे असावा असा आग्रहही अनाठायी होईल.

गौरी देशपांडे यांचे 'विंचुर्णीचे धडे' (१९९६) या चर्चेत निराळे ठरते. अनेक देशांत राहून फलटण तालुक्यातील एका खेड्यात घर करणारी लेखिका येथे 'धडे' देत नाही, घेते. शीर्षकातच परतणाऱ्याची पायरी ठरलेली आहे. या पुस्तकाचा सूर हलकाफुलका असल्यामुळे त्यातील ही भूमिका समीक्षकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, दोनच वर्षांनी त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि पुढे पुण्यात आयुका उभारली. जे ज्ञान घेऊन ते आले ते त्यांनी मराठी वाचकाच्या हाती मराठीत दिले. त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र वाचताना जाणवते की परतण्याविषयी त्यांना फारसा कढ नाही. परतणे हा त्यांच्या लेखी कामाच्या जागेचा निर्णय आहे. २०२५ साली ते गेले तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांवर बरेच लिहिले गेले. ती विज्ञानकथा परतण्यातूनच मराठीस लाभली, याकडे लक्ष वेधणे योग्य होईल.

विलास सारंग यांची 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) परदेशातून परदेशात गेलेल्या माणसाची, इराकमधील अध्यापकाची कादंबरी आहे. तीत घर हा शब्दच संशयास्पद होऊन जातो. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू'चे (२०१०) सारे कथन एका परतीच्या वाटेवर रचलेले आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच मोरगावकडे निघतो, आणि त्या प्रवासात संबंध संस्कृतीचा पसारा उलगडत जातो. पुरातत्त्वज्ञाचे हे परतणे आहे. तो थरांखालचे घर पाहू शकतो. नेमाड्यांनी लंडनमध्ये अध्यापन केले आणि परतल्यावर देशीवादाची मांडणी केली, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. देशीयतेचे भान बहुधा बाहेर जाऊन आलेल्यासच इतके तीव्र होते. परंतु देशीवादाची सारी भिस्त भूमीवर, तिच्यात रुजण्यावर आहे. जेथे ती भूमीच भराव घालून नवी केली गेली, खाजणावर काँक्रीट पडले, तेथे रुजणे कशात, या प्रश्नाला देशीवादाकडे आज तरी समाधानकारक उत्तर नाही. मोरगाव खणता येते. शेवा कोळीवाडा कंटेनरांच्या रांगांखाली आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. साहित्याने भूसंपादनाचे अहवाल लिहावेत काय? परतणाऱ्याच्या मनातील द्वंद्व हाच जर लेखकाचा विषय असेल, तर त्याने विस्थापिताचे दुःख लिहिले नाही म्हणून त्याला दोष देणे ही समीक्षा नव्हे, फर्मान होय. आक्षेप रास्त आहे आणि उपर्युक्त लेखकांपैकी कोणालाही दोष देण्याचा येथे हेतू नाही. दोष असलाच तर तो अभ्यासकांच्या वर्गीकरणाचा आहे. 'परदेशस्थ', 'ग्रामीण', 'दलित', 'प्रादेशिक' अशा कप्प्यांत साहित्य वाटून दिल्यामुळे बडोद्याचे आंबेडकर एका प्रश्नपत्रिकेत, 'युगान्त' दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत आणि आगरी बोलीतील लेखन लोकसाहित्याच्या ऐच्छिक विषयात जाऊन पडते. ही तिन्ही एकत्र वाचली की प्रत्येकाचा अर्थ वाढतो. 'युगान्त'मधील अभयचे एकाकीपण, त्याच वर्षांत साडेबारा टक्क्यांसाठी खेटे घालणाऱ्या माणसाशेजारी ठेवले, तर उणे होत नाही. त्याला परिमाण लाभते.

दुसराही एक आक्षेप संभवतो, तो अधिक कठीण. परतलेल्या तज्ज्ञांनी नवे शहर आखले नसते तर किनारा अबाधित राहिला असता काय? बहुधा नसता. मुंबईची वाढ पाण्यासारखी होती, ती कोठेतरी वळणारच होती. आखणीविना ती वळली असती तर अधिक ओंगळपणे वळली असती. कोरिया, मेहता आणि पटेल यांनी निदान विचार केला, आणि पुढे कोरियांनी बेलापूर येथे साध्या माणसाला हळूहळू वाढवता येतील अशी घरेही बांधून दाखवली. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगूनही एक प्रश्न उरतो : ९५ गावांच्या भवितव्याची ती पहिली मांडणी त्या गावांच्या भाषेत का झाली नाही? रमाबाईंना १८८९ साली जे अगत्याचे वाटले ते १९६५ साली कोणालाच का वाटले नाही? प्रवरेच्या काठी ज्ञान शेतकऱ्याच्या शेजारी बसले, खाडीच्या काठी ते नकाशावरून बोलले. या फरकाचे कारण माणसांच्या चांगुलपणात शोधण्यापेक्षा भाषेत शोधावे लागेल, आणि तो शोध मराठी विभागांनीच घ्यायला हवा. वास्तुशास्त्राची महाविद्यालये तो घेणार नाहीत.

पनवेल, उरण आणि पेण येथील महाविद्यालयांतून पदव्युत्तर वर्गांत येणारे कित्येक विद्यार्थी याच गावांतले असतात. त्यांच्या आजीला धवला येतो. लग्नविधींत धवलारीण गाते ती ही गीते आगरी बोलीतील मौखिक परंपरेचा मोठा ठेवा आहेत. ती गीते जुन्या गावठाणातील लग्नमांडवात गायली जात तेव्हा आणि नव्या वसाहतीतील सभागृहात गायली जातात तेव्हा त्यांत काय गळते, काय नव्याने येते, हा लघुप्रबंधाचा विषय आहे. आगरी बोलीत लिहिणारे आज पुष्कळ आहेत, त्यांची संमेलने भरतात. त्यांच्या कवितेत आणि कथेत बंदर कोणत्या नावाने येते, समुद्राला कोणते विशेषण लागते, याची नोंद करण्यास कोणा मार्गदर्शकाची अनुमती लागू नये. जहाजांवर चाळीस वर्षे काढून न्हाव्याला किंवा मोऱ्याला परतलेल्या निवृत्त खलाशांची कथने तर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची निकड आहे, कारण ती पिढी आता थकली आहे. आणि 'मार्ग'मधील ती मूळ मांडणी, सिडकोचा आराखडा हे मजकूर अभियंत्यांसाठी सोडून न देता त्यांतील 'गाव', 'जमीन', 'नागरिक' यांचे शब्दप्रयोग कसे होतात हे एखाद्या शैलीवैज्ञानिकाने तपासावे. मराठी विभागात इंग्रजी मजकूर वाचला जाऊ नये असा नियम असल्यास तो कोणी केला हे शोधणेही उद्बोधक ठरेल.

शिवडीहून न्हावा-शेव्यास जोडणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पनवेलनजीकच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानाने परतणाऱ्या मराठी माणसाला आता मुंबईत न उतरता या किनाऱ्यावर उतरता येते. विमानतळाच्या जागेसाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, ओवळे, चिंचपाडा, वाघिवली आदी दहा गावे हलवण्यात आली. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ साली भूमिपुत्रांनी मोठे आंदोलन केले होते. विमानतळाकडून सागरी सेतूच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला वाटेत उंच इमारतींची वसाहत लागते, तिच्या पाट्यांवर 'उलवे' असे लिहिलेले आहे. ज्या गावाचे ते नाव, ते गाव आता तेथे नाही. तेथील माणसे हाकेच्या अंतरावर, क्रमांक दिलेल्या भूखंडांवर राहतात.